व्हल्कनचा सूर्य कोणता?

जुलै १९९१ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन खगोलशास्त्रीय मासिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली चार सह्या होत्या. तिघे हार्वर्ड-स्मिथ्सोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ होते : सॅली बॅलियुनास, रॉबर्ट डोनाह्यू आणि जॉर्ज नॅसिओपुलोस. चौथी सही जीन रॉडनबेरी यांची होती. ते शास्त्रज्ञ नव्हते. ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेचे ते निर्माते.

पत्राचा विषय होता, मिस्टर स्पॉक या काल्पनिक पात्राचा ‘व्हल्कन’ हा काल्पनिक ग्रह नेमक्या कोणत्या खऱ्या ताऱ्याभोवती फिरतो? चाहत्यांमध्ये या प्रश्नावर मतभेद होते. मालिकेवर निघालेल्या काही पुस्तकांत ४० एरिडॅनी या ताऱ्याचे नाव होते, तर काहींत एप्सिलॉन एरिडॅनीचे. पत्रलेखकांनी वेधशाळेतील निरीक्षणांच्या आधारे पहिल्या ताऱ्याच्या बाजूने कौल दिला.

नसलेल्या ग्रहाच्या सूर्यासाठी खऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे तपासायची, हा पोरखेळ वाटेल. पण या पत्रामागे चाहत्यांच्या वादविवादांची मोठी परंपरा आहे. त्या परंपरेत पुरावा म्हणजे काय, अधिकार कोणाचा आणि चूक कशी निस्तरायची, हे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. आपल्या वर्गातही हेच प्रश्न येतात. म्हणून ही हकिकत सविस्तर पाहू या.

पत्रव्यवहारापासून सुरुवात

विज्ञानकथेचे चाहते दूरचित्रवाणीच्या आधीपासून आहेत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक अमेरिकेत सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे वाचक परस्परांना लिहू लागले, मंडळे स्थापन झाली, हस्तलिखित-चक्रमुद्रित अंक निघू लागले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. कथेतले यान खरोखर उडेल का, अमुक ग्रहावर तेवढे तापमान शक्य आहे का, यावर पत्रांतून वाद घालणे हा या वाचकांचा आवडता उद्योग होता.

दूरचित्रवाणी आली तेव्हा विज्ञानकथाही पडद्यावर आल्या. १९४९ मध्ये ‘कॅप्टन व्हिडिओ’ सुरू झाली. १९५० मध्ये ‘टॉम कॉर्बेट, स्पेस कॅडेट’ आणि ‘स्पेस पेट्रोल’ या मालिका आल्या. या मालिका मुख्यतः मुलांसाठी होत्या आणि त्यांचे नेपथ्य अगदी बेताचे असे. तरी ‘टॉम कॉर्बेट’चे तांत्रिक सल्लागार होते विली ले, म्हणजे जर्मनीतून अमेरिकेत आलेले अग्निबाणविषयाचे नामवंत लेखक. विज्ञान निदान ढोबळमानाने बरोबर असावे, ही जाणीव अशी प्रथमपासूनच होती. १९५५ पर्यंत या तिन्ही मालिका बंद झाल्या. १९५६ मध्ये आलेल्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाचा ठसा मात्र पुढे ‘स्टार ट्रेक’वर स्पष्ट उमटला.

रॉडनबेरी स्वतः माजी वैमानिक आणि माजी पोलीस. त्यांना मोठ्यांसाठी विज्ञानकथा हवी होती. त्यांनी सादर केलेला पहिला नमुना-भाग वाहिनीने नाकारला आणि दुसरा स्वीकारला. सप्टेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्यांनी हे भाग जाणकार वाचकांपुढे दाखवले. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका एनबीसी वाहिनीवर सुरू झाली.

असिमॉव्ह यांची टीका

मालिका सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २६ नोव्हेंबर १९६६ च्या ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकात आयझॅक असिमॉव्ह यांचा लेख आला. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांमधल्या चुकांची त्यांनी गमतीदार शब्दांत हजेरी घेतली होती. ‘स्टार ट्रेक’ही त्यातून सुटली नव्हती. एका भागात, आकाशगंगेच्या ‘अर्धे प्रकाशवर्ष बाहेर’ असलेल्या ढगाचा उल्लेख होता, त्यावर असिमॉव्ह यांचा आक्षेप होता.

ही चूक वर्गात समजावून सांगण्याजोगी आहे. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि तिला रेखीव कडा नाही. बाहेरच्या बाजूला तारे हळूहळू विरळ होत जातात. जत्रेची गर्दी नेमकी कोणत्या पावलावर संपते, हे सांगता येईल का? मग ‘गर्दीच्या दीड वीत बाहेर’ या म्हणण्याला काय अर्थ उरतो? शिवाय अर्धे प्रकाशवर्ष हे अंतर तरी किती? सूर्यापासून सर्वात जवळचा ताराच ४.२ प्रकाशवर्षांवर आहे.

लेखावर चाहत्यांनी असिमॉव्ह यांच्याकडे तक्रारीची पत्रे पाठवली. रॉडनबेरींनीही त्यांना सविस्तर उत्तर लिहिले. दर आठवड्याला एक भाग उभा करताना विज्ञान सांभाळण्याची आपण धडपड कशी करतो, हे त्यांनी त्यात सांगितले. असिमॉव्ह यांनी मालिका अधिक लक्षपूर्वक पाहिली आणि एप्रिल १९६७ मध्ये त्याच साप्ताहिकात तिच्याविषयी कौतुकाने लिहिले. पुढे दोघांची मैत्री जुळली. १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत विज्ञान-सल्लागार म्हणून असिमॉव्ह यांचे नाव आहे.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असिमॉव्ह यांचे मालिकेविषयीचे मत बदलले, पण आकाशगंगेला कड नाही ही वस्तुस्थिती बदलली नाही. एखादी कलाकृती आवडणे आणि तिच्यातले विधान बरोबर असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

मालिका वाचते, बंद पडते, परत येते

१९६७ च्या अखेरीस मालिका बंद होणार अशी बातमी पसरली. बियो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन वाहिनीच्या बरबँक येथील कार्यालयावर मोर्चा नेला. वाहिनीनेच दिलेल्या आकड्यानुसार एक लाखाहून अधिक पत्रे आली. मालिका पुढे चालू राहील, अशी घोषणा मार्च १९६८ मध्ये पडद्यावरून करावी लागली. मात्र तिला शुक्रवारी रात्री उशिराची वेळ मिळाली आणि जून १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती संपली.

खरी लोकप्रियता त्यानंतर आली. १९७० च्या दशकात स्थानिक केंद्रांवरून तेच ७९ भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले. एखादा भाग पाच-सहा वेळा पाहिलेला प्रेक्षक पहिल्यांदाच तयार झाला. असा प्रेक्षक पाठ्यपुस्तक कोळून प्यालेल्या विद्यार्थ्यासारखा असतो. त्याला विसंगती चटकन सापडते. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या चाहत्यांच्या संमेलनात काही शेकडा लोक येतील अशी अपेक्षा होती, आले तीन हजारांवर. असिमॉव्ह तेथे होते आणि ‘नासा’ने प्रदर्शनासाठी वस्तू पाठवल्या होत्या. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे पहिल्या स्पेस शटलचे ठरलेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून ‘एंटरप्राइज’ करण्यात आले. हे शटल १९७७ च्या उतरण्याच्या चाचण्यांत वापरले गेले. अवकाशात मात्र ते कधीच गेले नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने ही जुनी मालिका दाखवली, तेव्हा अनेक भारतीय मुलांची स्पॉकशी ओळख झाली.

जुनी खरी की नवी?

२८ सप्टेंबर १९८७ रोजी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली आणि चाहत्यांत दुफळी माजली. कर्क नाही, स्पॉक नाही, कप्तान टक्कल पडलेला आणि फ्रेंच नावाचा, आणि जुन्या मालिकेत शत्रू असलेल्या क्लिंगॉन जमातीचा एक अधिकारी चक्क यानाच्या नियंत्रणकक्षात! जुने चाहते हिला ‘स्टार ट्रेक’ मानायलाच तयार नव्हते. ही मालिका सात वर्षांत १७८ भाग चालली आणि तिच्यावर वाढलेली पिढी १९९३ च्या ‘डीप स्पेस नाइन’कडे तशाच संशयाने पाहू लागली. २००१, २००९ आणि २०१७ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या, तेव्हाही हेच घडले.

आवडीनिवडीचा भाग सोडला, तर या वादांमध्ये एक गंभीर प्रश्न होता. जुनी आणि नवी मालिका एकाच जगाची गोष्ट सांगत असेल, तर दोन्हींतली माहिती जुळली पाहिजे. ती जुळली नाही तर काय करायचे? यावर तीन प्रकारचे तोडगे निघाले.

पहिला तोडगा अधिकाराचा. निर्माते सांगतील तेच प्रमाण. १९७३-७४ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची २२ भागांची चित्ररूप (ॲनिमेटेड) मालिका आली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉडनबेरींच्या कार्यालयाने ती ‘प्रमाण’ धरायची नाही असे ठरवले. म्हणजे त्या २२ भागांत जे घडले, ते एका निर्णयाने ‘घडले नाही’ असे झाले! नंतरच्या लेखकांनी त्यातील कितीतरी तपशील पुन्हा वापरात आणले.

दुसरा तोडगा मागाहून जोडलेल्या कारणाचा. १९६७ मध्ये क्लिंगॉन लोकांची कपाळे माणसांसारखी सपाट होती. १९७९ च्या चित्रपटापासून त्यांवर उंच हाडांच्या कडा दिसू लागल्या. खरे कारण उघड आहे : चित्रपटाला रंगभूषेसाठी अधिक पैसा होता. पण कथेच्या आत याचे कारण काय, यावर चाहते वर्षानुवर्षे भांडले. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागात जुन्या चित्रणात नव्या नटांना बेमालूम मिसळवले होते. तेथे क्लिंगॉन पात्राला हा प्रश्न सरळ विचारला जातो आणि ते अवघडून तो टाळते. शेवटी २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने जनुकीय बदल घडवणाऱ्या एका विषाणूची कथा रचून ही भानगड मिटवली. खुलासा चतुर आहे, पण तो केवळ तेवढ्या एका विसंगतीसाठी बेतलेला आहे. त्यातून दुसरे काही भाकीत करता येत नाही आणि तो चुकीचा ठरण्याची सोयही नाही.

तिसरा तोडगा गणिताचा. यानाच्या ‘वार्प’ वेगाचे एक सूत्र पहिल्या मालिकेच्या लेखकांसाठी ठरवून दिले होते आणि १९६८ च्या एका पुस्तकामुळे ते चाहत्यांनाही कळले. वार्प अंकाचा घन करायचा, तितके पट प्रकाशाचा वेग. वार्प ६ म्हणजे ६ × ६ × ६ = २१६ पट. या वेगाने ४.२ प्रकाशवर्षांवरील तारा साधारण सात दिवसांत गाठता येईल. इथपर्यंत ठीक. पण जानेवारी १९६९ च्या एका भागात यान ९९० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते आणि वार्प ८.४ ने साडेअकरा तासांच्या आत परत येईल असे स्पॉक सांगतो. आता आकडेमोड करा. ८.४ चा घन सुमारे ५९३. ९९० भागिले ५९३ म्हणजे १.६७ वर्षे, अर्थात वीस महिने! काटेकोर स्पॉकचे उत्तर जवळजवळ १,३०० पटींनी चुकले होते.

चाहत्यांनी त्यावरही उपाय शोधले. अवकाशाच्या काही पट्ट्यांत यानाला जास्त वेग मिळत असावा, वगैरे. पण हा दोष अधिकाराने झाकता आला नाही, कारण भागाकार कोणालाही करून पाहता येतो. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या वेळी वेगाचे मापच बदलले आणि वार्प १० म्हणजे अनंत वेग असे ठरवले गेले. १९९५ च्या ‘व्हॉयेजर’मध्ये ७०,००० प्रकाशवर्षांच्या परतीच्या प्रवासाला ७५ वर्षे लागतील असे म्हटले आहे. याचा सरासरी वेग विद्यार्थ्यांना काढायला सांगावा. प्रकाशाच्या सुमारे ९३३ पट, असे उत्तर येईल. जुन्या सूत्राने हा कितवा वार्प होतो? दहाच्या किंचित खाली.

निसर्गाची साक्ष

आता पुन्हा व्हल्कनच्या सूर्याकडे वळू. ४० एरिडॅनी आणि एप्सिलॉन एरिडॅनी हे दोन्ही तारे एरिडॅनस, म्हणजे आपण ज्याला यमुना म्हणतो त्या तारकासमूहात आहेत. पहिला १६ प्रकाशवर्षांवर, दुसरा साडेदहा. दोन्ही सूर्यापेक्षा थोडे लहान, थंड आणि नारिंगी. मग निवड कशी करायची?

पत्रलेखकांनी ताऱ्यांचे वय विचारात घेतले. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत ऑलिन विल्सन यांनी सूर्यासारख्या ताऱ्यांच्या चुंबकीय हालचालींची दीर्घकालीन नोंद १९६६ मध्ये सुरू केली होती. योगायोगाने हेच ‘स्टार ट्रेक’चे पहिले वर्ष. ताऱ्याच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या दोन रेषांवरून त्याची चुंबकीय सक्रियता कळते. तरुण तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि फार सक्रिय असतो. वय वाढते तशी त्याची गिरकी मंदावते, सक्रियताही कमी होते. एप्सिलॉन एरिडॅनी सुमारे ११ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, तर ४० एरिडॅनी सुमारे ४० दिवसांत. यावरून तेव्हाच्या अंदाजाने एप्सिलॉनचे वय १०० कोटी वर्षे आणि ४० एरिडॅनीचे ४०० कोटी वर्षे निघाले.

पृथ्वी १०० कोटी वर्षांची होती तेव्हा येथे फक्त सूक्ष्मजीव होते. स्पॉकसारखा बुद्धिमान प्राणी विकसित होण्यास तेवढा काळ पुरेसा वाटत नाही. ४०० कोटी वर्षे मात्र पुरतील. म्हणून ४० एरिडॅनी! पुढे ‘एंटरप्राइज’ मालिकेत व्हल्कनचे अंतर सोळा प्रकाशवर्षे असल्याचा उल्लेख आला, तो याच ताऱ्याशी जुळतो.

या युक्तिवादातला वेगळेपणा लक्षात घ्या. रॉडनबेरी निर्माते होते. ‘मी सांगतो म्हणून’ असे एका वाक्यात त्यांना म्हणता आले असते. त्याऐवजी त्यांनी शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांखाली सही केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, त्यांचे निधन झाले.

ग्रह सापडला, आणि गेला

एकदा निसर्गाला साक्षीला बोलावले की त्याची पुढची साक्षही ऐकावी लागते. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने ४० एरिडॅनीच्या मुख्य ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. वस्तुमान पृथ्वीच्या आठ-नऊ पट, प्रदक्षिणेचा काळ ४२ दिवस. जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘स्पॉकचा ग्रह सापडला’ असे मथळे दिले.

हा ग्रह कोणी पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे हलतो आणि त्याच्या वर्णपटातील रेषा सरकतात, त्यावरून तो ओळखला होता. हा वेग सेकंदाला दोन मीटरांहूनही कमी, म्हणजे माणसाच्या झपझप चालण्याएवढा होता. पण पृष्ठभागावर डाग असलेला तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हाही रेषा अशाच सरकल्यासारख्या दिसू शकतात. ताऱ्याची गिरकी सुमारे ४० दिवसांची आणि ग्रहाचा काळ ४२ दिवसांचा, हे साम्य संशयास्पद होते. ग्रह जाहीर करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ते नोंदवले होते.

२०२४ मध्ये अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील अतिसूक्ष्म मापन करणाऱ्या वर्णपटमापकाच्या आधारे निर्णय झाला. वर्णपटातील वेगवेगळ्या रेषा ताऱ्याच्या वेगवेगळ्या खोलीच्या थरांतून येतात. ग्रहाने तारा हलत असेल तर सर्व रेषा सारख्याच सरकायला हव्यात. तशा त्या सरकत नव्हत्या. संकेत ताऱ्याच्या स्वतःच्या खळबळीचा होता, ग्रहाचा नव्हता.

म्हणजे पाहा, १९९१ मध्ये ज्या गुणधर्माने, गिरकी आणि चुंबकीय सक्रियता यांनी, ४० एरिडॅनीला व्हल्कनचा सूर्य ठरवले, त्याच गुणधर्माने २०२४ मध्ये तेथला ग्रह काढून घेतला. चाहत्यांना याचे दुःख झाले असेल, पण या निकालावर पत्रमोहिमेचा उपाय चालत नाही. एक लाख पत्रांनी मालिका वाचते, शटलचे नाव बदलते. ग्रह परत आणायचा असेल तर नवे निरीक्षणच लागेल.

वर्गासाठी

विद्यार्थी आज वेगवेगळ्या मालिका, चित्रपट आणि त्यांचे पूर्वावतार यांवर हिरिरीने भांडतात. ती भांडणे थांबवण्याऐवजी त्यांतली विधाने फळ्यावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येकाविषयी विचारावे : हे कोण ठरवणार? कोणते विधान केवळ आवडीचे, कोणते लेखकाच्या मर्जीचे, कोणते आकडेमोडीने तपासता येईल आणि कोणत्यासाठी निरीक्षण करावे लागेल? पाठ्यपुस्तकातील विधानांनाही हाच प्रश्न लावून पाहावा. ‘पुस्तकात आहे म्हणून’ हे उत्तर आले, तर ‘पुस्तकाला कसे कळले?’ हा पुढचा प्रश्न.

आणि ४० एरिडॅनी प्रत्यक्ष दाखवता येतो. जानेवारीच्या उत्तरार्धात रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्रातील तेजस्वी राजन्य तारा शोधा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते. राजन्याच्या पश्चिमेला दीड मूठ अंतरावर एक अंधुक तारा दिसेल. त्याची प्रत ४.४ आहे, म्हणून शहराच्या दिव्यांपासून दूर जावे लागेल. लहान दुर्बीण असेल तर त्याच्या शेजारी एक फिकट ठिपका दिसतो. तो आहे श्वेत बटू तारा, आणि लहान दुर्बिणीतून इतका सहज दिसणारा दुसरा श्वेत बटू नाही. त्या श्वेत बटूलाही एक लाल बटू सोबती आहे. एवढे तीन सूर्य तिथे खरोखर आहेत. त्यांच्याभोवती एखादा ग्रह आहे की नाही, हे पाहण्याचे काम अजून शिल्लक आहे.